दोरीला बांधलेली पेन्सिल

आमच्या बेटावर एक दिवस आधी मतदान होतं.
तारीख डब्लिनची असली तरी
समुद्र डब्लिनचा नाही.

पेटी फेस्टीच्या होडीतून येते,
मासळीच्या बर्फाला टेकवून, ताडपत्रीत गुंडाळलेली.
मागे मी. एरवी शाळेची बाई,
आज सकाळी सातपासून रात्रीपर्यंत सरकार.

कराराचं पुस्तक महिनाभर आधीच टपालानं आलं होतं,
घरटी एक.
कुणाच्या टेबलाचा आखूड पाय त्यामुळे सरळ झाला.
फेस्टीनं पहिली वीस पानं शेगडीला दिली,
म्हणाला, पेटतं चांगलं, पण धूर फार.

सोरखानं मात्र वाचलं.
तीस वर्षं सोसायटीच्या काट्यावर तिनं बांगडा तोलला,
पाव किलोचा फरक हाताला कळायचा तिच्या.
चष्म्यावर भिंग धरून रोज चार पानं.
"अमुक कलमातला 'आणि' काढावा, तिथे 'किंवा' घालावा."
असली तीनशे पानं.
"बाई, हे पुस्तक नव्हेच," ती म्हणाली,
"दुसऱ्याच कुठल्या पुस्तकाचं शुद्धिपत्र आहे हे.
ते पुस्तक कुणाकडे आहे?"

मला माहीत नव्हतं.
आणि त्या दिवशी, माहीत असतं तरी,
सांगायची मनाई होती.

आमच्या आयरिशमध्ये 'हो' नाही.
'नाही' हा सुटा शब्दही नाही.
जेवलीस का? जेवले.
होडी लागली का? लागली नाही.
जे क्रियापद दारात आलं तेच परत द्यायचं,
शेजारणीची वाटी रिकामी धाडू नये, तसं
आपलं काहीतरी घालून.

मतपत्रिकेवर दोन चौकोन: 'ता' आणि 'नील'.
आहे. नाही आहे.
वर प्रश्न, एकाच वाक्याचा, अकरा ओळींचा.
त्याचं क्रियापद शोधता शोधता
धाप लागते.

नोरीननं 'आहे'वर फुली मारली,
कारण मुलगी रॉटरडॅमला असते
आणि विमानतळावर आता रांग लागत नाही.
फेस्टीची 'नाही'वर,
कारण मंत्री प्रचाराला आले, होडीत ओकले,
आणि पेपरात म्हणाले, होडी जुनी होती.
एकाची दवाखान्यासाठी,
एकाची भावाशी बांधावरून भांडण म्हणून,
भाऊ 'आहे'वाला.
विचारला होता एक प्रश्न.
पेटीत पडली त्रेसष्ट वेगळ्याच प्रश्नांची उत्तरं,
आणि सगळी खरी.

सोरखा आडोशामागे बावीस मिनिटं होती.
पेन्सिलीची दोरी हलायची, थांबायची.
मी पहिलीच्या बाकावर, गुडघे हनुवटीला,
भिंतीवरच्या पोरांच्या नकाशात
आमचं बेट युरोपाएवढं मोठं.
आतून तिचा आवाज आला:
"बांगडा यात कुठे आहे, बाई?"
तिच्या नातवाला मी भागाकार शिकवला.
तिला काहीच सांगता आलं नाही.
नियम चांगलाच आहे, मला ठाऊक आहे.
तरी घसा दुखला.

बाहेर आली. पुस्तक काखेत,
कडेकडेनं पेन्सिलीची प्रश्नचिन्हं.
तेही पेटीत टाकू पाहत होती,
फट पुरली नाही.
मत दिलंस का? विचारलं मी, उगीच.
"दिलं."
समजलं का सगळं?
हे क्रियापद तिनं हातात घेतलं,
काट्यावर ठेवल्यासारखं जरा धरलं,
आणि दुसरंच परत दिलं:
"वाचलं."

पुढच्या वर्षी पुन्हा तीच पेटी, तोच प्रश्न,
सोबत काही हमीपत्रं, गुळगुळीत कागदावर.
फेस्टी वल्ह्यावर हात ठेवून बराच वेळ गप्प.
मग म्हणाला,
"मागचं उत्तर पोचलं नाही का त्यांना?
नेलं तर मीच होतं."
ताडपत्रीची गाठ त्यानं दोनदा तपासली.
वारा नैर्ऋत्येचा होता, बर्फ वितळत होता,
आणि सोरखा धक्क्यावर आधीच उभी,
हातात नवीन भिंग.